घराचाही खोडवा राखता येतो



गळीत हंगाम आटोपला आणि उसाची बिले खात्यावर जमा झाली की आपल्या कार्यक्षेत्रात दोन कामांना जोर चढतो. एक लग्नकार्याला आणि दुसरे जुने घर पाडायला. सकाळी जेसीबी दारात येतो, आज्याने बांधलेले घर दुपारपर्यंत भुईसपाट होते आणि संध्याकाळी त्याची पांढरी माती ओढ्याकाठी पडलेली दिसते. तुळया-खांब भंगाराच्या भावाने जातात. मग चार-सहा महिन्यांनी त्याच जागी स्लॅबचे घर उभे राहते, आणि पुढच्या एप्रिल-मेमध्ये घरातली माणसे रात्री अंथरूण घेऊन अंगणात झोपायला येतात.

शेतकी खात्याच्या माणसाने ऊस सोडून घरावर लिहावे, याचे काही सभासदांना नवल वाटेल. पण या विषयाचा उसाशी सरळ संबंध आहे. "साहेब, बेण्याला पैसे नाहीत", "ठिबकचं पुढच्या वर्षी बघू", "खताचा दुसरा डोस राहिला" असे ज्यांच्या बांधावर ऐकायला मिळते, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या दारात सळईचे आणि खडीचे ढीग पडलेले असतात. सोसायटीचे पीककर्ज उचलायचे उसासाठी आणि घालायचे स्लॅबात, मग व्याज भरायचे खोडव्याच्या बिलातून, हा प्रकार वाढतो आहे. म्हणून माझे स्पष्ट मत मांडतो. चांगल्या जोत्याचे, चांगल्या लाकडाचे जुने घर पाडणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ते दुरुस्त करावे, त्यात आजच्या गरजेच्या सोयी कराव्यात आणि वाचलेला पैसा रानात घालावा.

विटा कशाच्या होतात?

दुसरा संबंध मातीचा. साध्या खोल्या-सोप्याच्या नव्या घराला वीस हजार विटा धरू. नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, तीन इंच जाड अशा वीस हजार विटांचे नुसते आकारमान सुमारे चौदा ब्रास भरते. चौदा ब्रास माती म्हणजे दहा गुंठे रानावरचा दीड इंचाचा थर! भट्टीत माती आकसते, म्हणून खणलेली माती याहून जास्तच असते. भट्टीवाले थोडी राख मिसळतात हे खरे, पण मुख्य माल मातीच. ही माती मुरमाड माळाची चालत नाही. नदीकाठची, ओढ्याकाठची पोयट्याची लागते. म्हणजे ज्या मातीत उसाचे कांडे वीतभर वाढते, तीच माती भट्टीत जाते. असा एक इंच थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. आपण माती-परीक्षण करतो, सेंद्रिय कर्ब कमी झाला म्हणून हळहळतो, आणि दुसरीकडे वरचा कसदार थर ट्रॉलीने भट्टीवाल्याला देतो.

वाळूचीही हीच गोष्ट. नदीच्या पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की काठच्या विहिरींची पातळी खाली जाते. सिमेंट करायला चुनखडी सुमारे साडेचौदाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. तिच्या भट्टीतून आणि त्या चुनखडीतूनच जो कार्बन वायू सुटतो, तो जगभरात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन वायूच्या सात-आठ टक्के भरतो. अवकाळी पाऊस, लांबलेला उन्हाळा, तुऱ्याचे बिघडलेले वेळापत्रक यांबद्दल आपण रोज बोलतो. त्यातला आपला वाटा लहान असेल, पण तो आहे.

"पक्के" कशाला म्हणायचे?

यावर सभासदांचे म्हणणे मला तोंडपाठ आहे. "अहो, आता मातीच्या घरात कोण राहतंय? पोराला स्थळ बघायला पाहुणे आले की आधी स्लॅब हाय का इचारतात." हे खोटे नाही. सरकारी कागदावरही मातीच्या भिंतीचे घर "कच्चे" आणि सिमेंटचे "पक्के" असेच लिहितात. कागदावरचा शब्द माणसाच्या मनाला लागतो. ज्या घरात तीन पिढ्या वाढल्या, ते घर एका शिक्क्याने कच्चे ठरते.

पण उन्हाळ्यात दोन्ही घरांत एकदा दुपार काढून बघा. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला जवळजवळ दहा-बारा तास जातात. तोवर रात्र होते आणि भिंत गार पडू लागते. साडेचार-पाच इंचाच्या स्लॅबातून तीच उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते. दुपारी दोनला तापलेला स्लॅब संध्याकाळी सहाला खोलीत आग ओकू लागतो आणि झोपेच्या वेळेपर्यंत तापलेलाच राहतो. मग आधी पंखा, मग कूलर, पुढे वातानुकूलन यंत्र. विजेचे बिल येते तेव्हा कुठले घर महाग पडले ते कळते.

आधी खोडव्याची परीक्षा करा

तरीसुद्धा प्रत्येक जुने घर राखाच, असे मी म्हणणार नाही. खोडव्याचे उदाहरण घ्या. खोडवा ठेवला की पूर्वमशागत वाचते, बेणे वाचते, पीक लवकर येते. पण आपण सरसकट खोडवा ठेवत नाही. लागण चांगली आली असेल, नांग्या थोड्या असतील, काणी किंवा गवताळ वाढीचा रोग नसेल, तरच ठेवतो. रोगट प्लॉट आपण स्वतःहून मोडायला सांगतो. घरालाही हीच कसोटी लावावी.

जोते आणि पाया पाहा. दगडी जोते सरळ आहे, भिंत ओळंब्यात आहे, फुगलेली नाही, तर घर राखण्यासारखे आहे. खांब-तुळयांना टोचणीने टोचून पाहा. वरवर वाळवी लागलेली असेल आणि आतले लाकूड टणक असेल तर चिंता नाही. खांबाचा फक्त बुडखा कुजला असेल तर तेवढाच कापून खाली तळखडा उंच करून घेता येतो. सुताराला हे काम येते. भिंतीला कोपऱ्यात उभी मोठी भेग असेल, पोट सुटले असेल किंवा आढेच वाकले असेल, तर मात्र जाणत्या अभियंत्याला दाखविल्याशिवाय एक पैसाही घालू नका.

पुराच्या गावांना माझा सल्ला वेगळा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी दाखवून दिले, की कच्च्या विटांची भिंत दोन-तीन दिवस पाण्यात उभी राहिली की बुडापासून विरघळते. ज्या घरात या पुरांचे पाणी शिरले होते, तिथे मातीच्या भिंतीचा आग्रह धरू नका. तिथे पूररेषेच्या वरपर्यंत दगड किंवा भाजलेली वीटच हवी, आणि जोते उंच हवे. जुने लाकूड, जुनी कौले मात्र तिथेही वापरता येतात.

भूकंपाचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आपल्या भागातली वडीलधारी माणसे अजून विसरलेली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर येऊन. तेव्हापासून "माती-दगड म्हणजे मरण" असा समज झाला. पण तिथे दोष कशात होता ते तज्ज्ञांनी पाहिले. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर होते, त्यांना जोडणारे आरपार दगड नव्हते, आणि माळवदावर दर वर्षी माती टाकून टाकून ओझे वाढले होते. त्यानंतरच्या पुनर्वसनात नवी गावे वसली, त्याचबरोबर लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि बळकटी करण्यात आली. त्यातून शिकायचे ते असे. दगडी भिंतीत उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर एक आरपार सांधा घ्यावा. माळवदाचा थर वीतभराहून जाड ठेवू नये. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार ठोकून घ्यावेत. हे काम नव्या घराच्या खर्चाच्या मानाने थोडक्यात होते.

मग नांग्या भरा

परीक्षेत घर उतरले, की कामाला लागा. पण रंगापासून सुरुवात करू नका. सुरुवात पाण्यापासून करा.

पहिले काम ओल थांबवणे. आपल्याकडे गावाच्या कडेपर्यंत ऊस आला. घराच्या भिंतीला लागून पाटपाणी दिले जाते. काळी जमीन भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि पाया हलतो. जिथे जमीन क्षारपड आहे तिथे तर भिंतीला लोणा लागून गिलावा पिठासारखा झडतो. रानातला पांढरा क्षार आणि भिंतीवरचा लोणा ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत: जादा पाणी आणि तुंबलेला निचरा. म्हणून घराभोवती उताराची दगडी फरशी करा, चर काढून पाणी लांब न्या, आणि घराशेजारच्या प्लॉटला तरी पहिल्यांदा ठिबक करा. पागोळ्या भिंतीवर न येता दोन फूट बाहेर पडतील इतके छप्पर पुढे काढा. मातीच्या घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगला जोडा असला की ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

दुसरे काम गिलाव्याचे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कधीही करू नका. वर्षभर घर नवे दिसते, आणि मग भिंतीतली ओल बाहेर पडायला जागा न मिळाल्याने सिमेंटचा पापुद्रा मातीसकट खाली येतो. मातीला माती किंवा चुनाच मानवतो. चाळलेली माती, शेण आणि गव्हाचा भुसा भिजवून आठवडाभर कुजवावा आणि त्याचा गिलावा करावा. त्यावर चुन्याचा हात द्यावा. चुना आधी भिजवून पंधरा दिवस तरी मुरवावा. जितका मुरेल तितका चांगला. जुने गवंडी चुन्याच्या कामात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालत. आपला गूळ पूर्वी भिंतीतही जात होता, हे आजच्या पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही. चुना भिजवताना तो उसळतो. डोळे जपा आणि मुले लांब ठेवा.

तिसरे काम छपराचे. मंगलोरी कौले फुटली तेवढीच बदला. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले लागतात, आणि पाडलेल्या घरांची चांगली कौले गावोगाव पडून आहेत. वासे तपासा, कौलाखाली फळी किंवा बांबूची तट्टी घाला. गारवा वाढतो आणि वरून कचरा पडत नाही. ज्यांच्याकडे आधीच स्लॅब किंवा पत्रा आहे त्यांनी तो पाडायचा नाही. त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाला वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरे छप्पर ऊन परत फेकते आणि खालची खोली दोन ते पाच अंशांनी गार राहते. तेलंगण सरकारने २०२३ साली अशा थंड छपरांसाठी धोरणच केले आहे. आपल्याला धोरणाची वाट बघायला नको, चुन्याची पिशवी आणि कुंचला पुरे.

इथे एक धोक्याची सूचना. जुने सिमेंटचे नालीदार पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांची धूळ श्वासात गेली तर पुढे कित्येक वर्षांनी फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. असे पत्रे शाबूत असतील तर त्यांना भोक पाडू नका, कापू नका. काढायचेच असतील तर ओले करून, तोंडाला चांगला मास्क बांधून, न फोडता अख्खे उतरवा.

चौथे काम उजेडाचे आणि धुराचे. जुन्या घरांविरुद्ध माउल्यांची जी तक्रार आहे, ती रास्तच आहे. माजघरात दिवसाही अंधार, चुलीचा धूर, न्हाणी नाही, संडास लांब. घर पाडा म्हणणारा आवाज बऱ्याच वेळा घरातल्या बाईचा असतो, आणि तिचे ऐकले पाहिजे. पण या चारही गोष्टी घर न पाडता होतात. छपरात चार-पाच काचेची कौले बसवली की माजघरात उजेड येतो. समोरासमोर खिडक्या पाडल्या की वारा फिरतो. मात्र खिडकी कोपऱ्यापासून लांब घ्यावी आणि वर लाकडाची किंवा काँक्रीटची पट्टी घालावी. न्हाणी-संडास परसात, घराच्या भिंतीपासून अंतर राखून बांधावेत आणि न्हाणीचे पाणी केळी-नारळाला न्यावे.

दावणीला चार-पाच जनावरे असतील तर रोज पन्नास किलो शेण निघते. तेवढ्यावर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो आणि लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. त्याला संडास जोडता येतो. देहूचे डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी हे काम हयातभर केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आणि गॅसनंतर उरलेली मळी हे उसाला उत्तम खत आहे. म्हणजे स्वयंपाकघराची दुरुस्ती आणि रानाची दुरुस्ती एकाच खर्चात.

पाचवे, पावसाचे पाणी. आपल्या पूर्वेकडील गावांत ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि छप्पर हजार चौरस फुटांचे असले, तर वाया जाणारे सोडून सुमारे ४५ हजार लिटर पाणी हाती येते. पन्हाळी लावून ते टाकीत किंवा गाळून विहिरीत सोडा.

नवी खोली लागलीच तर

मुलाचे लग्न झाले, खोली कमी पडते, हे समजण्यासारखे आहे. तेवढीच खोली वाढवा, आणि विचार करून वाढवा. इंग्लंडात जन्मलेले आणि केरळात आयुष्य घालवलेले वास्तुतज्ज्ञ लॉरी बेकर यांनी अशा कमी खर्चाच्या घरांची शेकडो कामे केली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवायची पद्धत त्यांनी रूढ केली. तिने नऊ इंची भिंतीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीमुळे भिंत तापत नाही. स्लॅब घालायचाच तर त्याच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटवर विशेष भार नसतो, तिथे जुनी मंगलोरी कौले बसवता येतात. काँक्रीट वाचते, वजन घटते आणि खोली गार राहते. मात्र सळई किती आणि कुठे, हे अभियंत्याकडूनच काढून घ्या.

एक विनंती

शेवटी एक अडचण मान्य केली पाहिजे. हे सगळे वाचून उद्या कोणी दुरुस्ती काढली, तर चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि जुन्या सांध्यांचे काम जाणणारा सुतार सापडणे सोपे नाही. सापडले तर ते साठीच्या पुढचे. त्यांच्या हाताखाली पोरे नाहीत, कारण आपण त्यांना काम देत नाही. बेण्याचे जसे असते तसेच हे आहे. चांगले बेणे एकदा मोडले की पुन्हा मळा उभा करायला वर्षे लागतात.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गट कार्यालयात अशा गवंडी-सुतारांची नावे नोंदवावीत. सभासदांनी आपापल्या गावातली माहिती चिटबॉयकडे द्यावी. एखाद्या गावात एका घराची दुरुस्ती निघाली की बाकीच्यांनी ती पाहायला जावे, जसे आपण चांगला प्लॉट पाहायला शिवारफेरीला जातो. कारखान्याने बेणे आणि ठिबक यांबरोबर घरदुरुस्तीचाही विचार करावा की नाही, हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत एखाद्या सभासदाने मांडला तर मला आनंदच होईल.

आणि तोवर, जेसीबीवाल्याला फोन करण्यापूर्वी एक कागद घ्या. एका बाजूला नव्या घराचा खर्च, त्यावरचे व्याज आणि उन्हाळ्याचे विजेचे बिल लिहा. दुसऱ्या बाजूला दुरुस्तीचा खर्च, आणि वाचलेल्या पैशात किती एकर ठिबक होते, किती बेणे येते ते लिहा. हा हिशेब घरातल्या बायकांना बरोबर घेऊन करा. खोडवा ठेवायचा की मोडायचा, ते मग तुमचे तुम्हीच ठरवाल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग